झोप लागते काय जी?

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की पंधरा किलोमीटरच्या आत नांदगाव पेठ येतं. राष्ट्रीय महामार्ग, टोलनाका, एमआयडीसीची कंपाउंडं, कापडगिरण्यांच्या लांबलचक शेड, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, आणि या सगळ्याच्या मधे जिथे जागा उरली तिथे वावरं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघून गेलेलं असतं, तूर फुलोऱ्याकडे झुकलेली असते आणि कपाशीची बोंडं फुटायला लागलेली असतात. सीतादहीची पूजा करून पहिल्या वेचणीला सुरुवात होते. बाहेरून येणाऱ्याला हा सुगीचा काळ वाटतो. पण इथल्या कास्तकाराचं ब्लडप्रेशर वर्षातून कधी मोजावं असं कुणी विचारलं, तर मी हेच दिवस सांगेन.

या दिवसांत सगळे वायदे एकदम अंगावर येतात. कृषी केंद्राची बियाणं-खताची उधारी ‘माल निघाल्यावर’ द्यायची असते. सोसायटीचं पीककर्ज असतं. वेचणीची मजुरी रोखीनेच द्यावी लागते, ती थांबत नाही. पोरीची फी असते, दिवाळीला माहेरी येणाऱ्या बहिणीची साडी असते. म्हणून माल लगेच विकावा लागतो, आणि सगळ्यांनाच लगेच विकावा लागतो म्हणून भाव पडतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये होता. बाजार समित्यांत बहुतेक माल त्याच्या खालीच गेला, कारण ओलावा मोजून, नोंदणी करून, सरकारी खरेदीचा नंबर लागेपर्यंत थांबायची ताकद ज्याच्याकडे होती तोच थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत; म्हणजे नेमकी वऱ्हाडातली वेचणी उरकेपर्यंत. हमीभाव कागदावर ८,११० रुपये झाला होता. ज्याचं वावर त्याला यातलं काहीच ठरवता येत नाही. पाऊस त्याच्या हातात नाही हे तो पिढ्यान्‌पिढ्या मान्य करत आला आहे; भाव, वीज, कालव्याचं पाणीही हातात नाही, हे मात्र मान्य होत नाही, आणि व्हावं तरी का?

ताणाबद्दल आपण बोलतो ते बहुधा स्वभावाबद्दल बोलल्यासारखं. अमका फार मनाला लावून घेतो, तमका खंबीर आहे. मला हे बोलणं चुकीचं वाटतं आणि घातकही वाटतं. नांदगाव पेठेसारख्या गावात ताणाला तारखा आहेत. जूनमध्ये पेरणीसाठी पैसा उभा करण्याचा ताण. पाऊस दडी मारून बसला तर जुलैत दुबार पेरणीचा. ऑगस्टमध्ये पिवळा मोझॅक, सप्टेंबरमध्ये परतीचा पाऊस आणि शेंगांना फुटणारे कोंब, दसऱ्यानंतर बोंडअळी, दिवाळीत भाव. मग थोडी उसंत, आणि फेब्रुवारीपासून ३१ मार्चची वसुली. मध्येच रात्रीची जागल, कारण रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हरभऱ्यात शिरतात. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच मिळते, त्यामुळे ओलीतही रात्रीच करावं लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी सलग झोपलेला कास्तकार या भागात सापडणं कठीण आहे.

शरीरात काय होतं ते आता थोडं तपशिलाने सांगायला हवं, कारण ‘टेन्शनने काय होते’ असं म्हणून जे उडवून लावलं जातं ते खरं तर रक्तात मोजता येतं. १९३६ साली हान्स सेल्ये या माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या संशोधकाने ‘नेचर’मध्ये एक लहानसं पत्र छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमवा किंवा विष टोचा, त्रास कोणताही असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी एकसारखी येते, असं त्यात होतं. त्याच्या आधी अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी संकटात ‘लढा किंवा पळा’ यासाठी शरीर कसं सज्ज होतं ते मांडलं होतं. धोका दिसला की मेंदूतून इशारा जातो, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आधी ॲड्रिनॅलिन आणि मग कॉर्टिसॉल सोडतात. हृदय जोरात धडधडतं, साठवलेली साखर रक्तात येते, पचन थांबतं, जखम भरण्यासारखी सावकाश कामं मागे पडतात. जीव वाचवायला ही व्यवस्था उत्तम आहे.

अडचण ती बंद न होण्यात आहे. रॉबर्ट सापोल्स्की यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात झेब्र्याचं उदाहरण घेतलं होतं. आपल्याकडे रोही घेऊ. पोहऱ्याच्या जंगलात बिबट्या मागे लागला तर रोही जीव खाऊन पळतो, आणि वाचला तर थोड्याच वेळात पुन्हा चरायला लागतो. बिबट्या उद्या येईल की परवा, याचा हिशेब तो करत बसत नाही. कास्तकार करतो, कारण त्याचा बिबट्या तारखेवर येतो आणि ती तारीख त्याला माहीत असते. त्यामुळे जी व्यवस्था पाच-दहा मिनिटांसाठी चालू व्हायची ती महिनोन्‌महिने चालू राहते. कॉर्टिसॉल सकाळी चढावं आणि रात्री उतरावं हा निसर्गक्रम. तो बिघडला की पहाटे तीनला डोळा उघडतो आणि पुन्हा लागत नाही. रक्तदाब चढा राहतो. साखर वाढते, आणि मधुमेह असेल तर हाताबाहेर जाते. पोटात जळजळ, मान-पाठ आखडणं, लवकर चिडणं, घरच्यांवर ओरडणं, सर्दी-खोकला न हटणं. ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाने शरीराच्या या झिजेचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं. दीर्घ ताणात मेंदूतले आठवणीचे आणि निर्णयाचे भागही बदलतात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं.

निर्णयाचा मुद्दा कास्तकाराच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवरचा अभ्यास आला. त्याच माणसांच्या विचारशक्तीची चाचणी संशोधकांनी एकदा ऊस तोडण्याआधी, हात तंग असताना घेतली, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हातात आल्यावर. माणूस तोच, बुद्धी तीच. पण तंगीच्या काळातले गुण स्पष्टपणे कमी. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते. याचा अर्थ असा, की पीककर्जाचं पुनर्गठन करायचं की सावकाराकडे जायचं, माल विकायचा की तारण ठेवायचा, हे आयुष्याचे निर्णय माणसाला अशा महिन्यांत घ्यावे लागतात जेव्हा त्याचं डोकं सर्वांत कमी साथ देतं. त्यानंतर चूक झाली की आपण म्हणतो, शिकलेला नाही, व्यवहार समजत नाही.

नांदगाव पेठेत ताणाचा दुसरा एक प्रकारही त्याच घरात राहतो. बाप वावरात, पोरगा एमआयडीसीत. वीज केंद्र १,३५० मेगावॉटचं आहे, प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच. त्याला अप्पर वर्धा धरणाचं पाणी देण्यावरून जिल्ह्यात मोठं आंदोलन झालं होतं, कारण सिंभोऱ्याच्या त्या धरणाकडे ओलिताच्या आशेने बघणारी गावं खूप होती. त्यानंतर कापडउद्योग आले. २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी इथल्या हजार एकरांवरच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. रोजगार येतो आहे आणि तो हवाच आहे. पण कंत्राटदारामार्फत लागलेल्या पोराची ड्यूटी आठवड्याला बदलते. एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. शरीराचं घड्याळ असं ढकलून पुढे-मागे होत नाही. रात्रपाळी वर्षानुवर्षं केल्यास झोप, वजन, साखर आणि हृदय यांवर परिणाम होतो हे आता वादाचं राहिलेलं नाही. उन्हाळ्यात टिनाच्या घरात दिवसा झोपायचं, तेही अमरावतीच्या पंचेचाळीस अंशांत. मग जागं राहायला खर्रा आणि झोपायला दारू, अशी सवय लागायला वेळ लागत नाही.

ब्रिटनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांच्या आरोग्याचा मागोवा घेतला गेला, आणि मायकेल मार्मट यांनी ते काम पुढे नेलं. साहेबांवर जबाबदारी जास्त, म्हणून त्यांनाच हृदयविकार जास्त होईल असा तेव्हाचा समज. निघालं उलटं. जितका खालचा हुद्दा तितका हृदयविकार जास्त. आणि पुढच्या अभ्यासात दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा नसणं हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण आहे. लंडनच्या कचेरीतला शिपाई आणि नांदगाव पेठेचा कंत्राटी ऑपरेटर यांच्यात बाकी काही सारखं नसेल. हे एक आहे.

बायांचा ताण तर मोजलाच जात नाही. वेचणीला सकाळी जायचं, ओटी भरून कापूस आणायचा, किलोवर मजुरी घ्यायची, घरी येऊन चूल. बचत गटाचा हप्ता आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेला. मायक्रोफायनान्सवाला दारात येतो तेव्हा नवरा घरी नसतो, ती असते. डॉक्टरकडे ती ‘कंबर दुखते’, ‘हातापायाची आग होते’, ‘जीव घाबरते’ असं सांगते. गोळी मिळते, इंजेक्शन मिळतं, सलाईन लागलं की बरं वाटतं. झोपेचं कुणी विचारत नाही.

विचारलं तर काय होतं, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तो जगाने वाचला आहे. ‘विश्राम’ या नावाचा विदर्भातला ताण आणि आरोग्य यांवरचा कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवला गेला. टाटा ट्रस्टचं अर्थसाहाय्य, गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेचं मार्गदर्शन, डॉ. राहुल शिधये आणि डॉ. विक्रम पटेल यांच्यासारखे संशोधक. पण रोजचं काम गावातल्याच माणसांनी केलं. आरोग्य कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, उदासीची लक्षणं सांगितली, त्रासात असलेल्याशी पहिलं बोलणं कसं करायचं ते शिकून घेतलं. त्यापुढची मदत प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी केली. त्यांच्याकडे मानसशास्त्राची मोठी पदवी असायलाच हवी असं नव्हतं. औषधाची गरज असेल तिथेच मानसोपचारतज्ज्ञ. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त निष्कर्ष आले. नैराश्याने त्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं दिसलं होतं. तज्ज्ञ कमी आहेत, हे आपलं ठरलेलं उत्तर. अमरावतीच्या त्या ३० गावांनी दाखवलं की सुरुवात तज्ज्ञापासून करावी लागत नाही. झिम्बाब्वेत हरारेला डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. त्या ‘फ्रेंडशिप बेंच’ची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिथेही फरक स्पष्ट होता. आपल्याकडे बाक लागत नाही, पार आहे. नांदगाव पेठेवरून पुढे गेलं की त्याच रस्त्यावर मोझरीचं गुरुकुंज लागतं. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेला आश्रम. रोज संध्याकाळी गावाने एकत्र बसावं, ही सामुदायिक प्रार्थनेची शिस्त त्यांनी या भागाला लावली. ज्या गावात ती अजून चालू आहे तिथे कोण चार दिवस आला नाही हे लक्षात तरी येतं.

गावातली आशाताई अंगणात येते तेव्हाचं बोलणं साधारण असं असतं. ती आधी पोरांचं विचारते, मग कपाशीचं. किती निघाला, खेडा खरेदीला दिला की जिनिंगला नेला. चहा येतो. मग ती सहज म्हणते, “काकाजी, झोप लागते काय जी?” काकाजी हसतात. “काई नाई वं माय, असंच. जागलीवर जा लागते ना.” ती सोडत नाही. “आन् जागल नसते तवा?” इथे थोडा वेळ जातो. मग काकाजी नजर वळवून म्हणतात, “तीन वाजता उघडते डोया. मंग लागत नाई.” किती दिवस झाले, जेवण जातं का, पहिल्यासारखं कशात मन लागतं का, सगळं सोडून द्यावंसं वाटतं का, जीव नकोसा होतो का, यातला प्रत्येक प्रश्न तिच्या प्रश्नावलीत आहे. शेवटचा विचारायला ती कचरते, कारण विचारल्याने ते डोक्यात भरेल अशी भीती सगळ्यांनाच असते. तसं होत नाही. उलट, एवढं कुणी विचारलं म्हणून मोकळं व्हायला होतं, हे या क्षेत्रात काम करणारे सगळे सांगतात. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला तो याच रीतीवर: आशांनी घरोघर विचारायचं, जिल्हा रुग्णालयात समुपदेशन, १०४ वर फोन.

प्रश्न विचारून झाल्यावर मात्र ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून निघून जाता येत नाही. गोव्यात संगाथने तपासलेल्या उपचारात समुपदेशक माणसाला उपदेश करत नाहीत. आठवड्याची कामं लिहून काढतात, सुटलेल्या गोष्टींपैकी एक लहानशी पुन्हा सुरू करायला लावतात, अडचणींचे तुकडे करून एकेक घेतात. सहा ते आठ भेटी. वऱ्हाडात या भेटीत वही उघडावी लागेल असं मला वाटतं. कुणाचं किती देणं, कोणती तारीख पुढे ढकलता येते, पुनर्गठनाचा अर्ज केला का, विम्याची तक्रार मुदतीत नोंदवली का. देणं एकदा कागदावर उतरलं की ते तेवढंच राहतं. डोक्यात असतं तेव्हा ते रात्री वाढतं. त्याच भेटीत बीपी मोजावं, साखर बघावी.

शरीराकडून करायच्या गोष्टीही आहेत आणि त्या फुकट आहेत. श्वास चार मोजत आत, सहा-आठ मोजत बाहेर, पाच मिनिटं. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती खरोखर उतरते. जागलीच्या पाळ्या धुऱ्याला धुरा असलेल्या चार जणांत वाटून घेतल्या तर प्रत्येकाला तीन रात्री झोप मिळते. रात्रपाळीच्या पोराला खोली अंधारी करून द्यावी, दुपारी पाहुणे आले म्हणून उठवू नये. दारूने झोप लागते पण टिकत नाही; पहाटेची जाग तिनेच वाढते. फिरायला जा, हा शहरी सल्ला मात्र मी कास्तकाराला देणार नाही. तो दिवसभर चालतोच. त्याला बसायला कुणीतरी हवं असतं.

आणि फवारणीची औषधं. ती घरात, खाटेखाली, माळ्यावर ठेवू नयेत. कुलपाच्या पेटीत, घराबाहेर, आणि घरात कुणी फार खचलेलं असेल तर चावी दुसऱ्याकडे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. १९९५ नंतर तिथलं आत्महत्यांचं प्रमाण दोन तृतीयांशाहून जास्त घटलं, आणि शेतीचं उत्पन्न त्यामुळे बुडालं नाही. जीव द्यावासा वाटण्याची वेळ बहुतेकदा थोडीच असते. ती टळली की माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुसंख्य पुढे जगतात. मन अगदी अंधारून आलं असेल, स्वतःचं किंवा शेजाऱ्याचं, तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अमरावतीला इर्विन रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे.

कायद्यानेही ताण मान्य केला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. वाचलेल्या माणसाच्या बाबतीत इतकी समज दाखवणारी व्यवस्था गेलेल्याच्या मागे राहिलेल्या बाईला मात्र वेगळं वागवते. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर घरच्यांना २००६ पासून मदत एक लाख रुपये. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ती मिळण्यासाठी सातबारा नावावर होता का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे सिद्ध करायचं; मग समिती ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शिक्का मारते. नवऱ्याचं तेरावं होण्याआधी त्याचं दुःख कर्जाचं होतं हे कागदांनी दाखवायचं. मला या एका शब्दाचा, ‘अपात्र’चा, राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

घरोघरची ही विचारपूस ज्यांनी करायची त्या आशाताईंनी २०२३-२४ मध्ये मानधनासाठी संप केला, मुंबईच्या आझाद मैदानात रात्री काढल्या. लसीकरण, गरोदर बाया, क्षयरोग, आयुष्मान कार्डं, त्यात हे. मनाची विचारपूस घाईत होत नाही. त्या भेटीचे वेगळे पैसे आणि वेगळा वेळ देणं हा अशा कुठल्याही योजनेचा पहिला खर्च असायला हवा.

ताणाला तारखा असतील तर भेटींनाही असाव्यात. दुबार पेरणीनंतर एक, दिवाळीच्या विक्रीनंतर एक, आणि जानेवारीअखेर एक, बँकांच्या नोटिसा निघायच्या आत. सरपंच, सोसायटीचा सचिव, कृषी सहायक आणि आशा यांनी ग्रामपंचायतीत एक दुपार बसून कुठल्या घरी आधी जायचं याची यादी करावी. एवढ्याला कुठल्या शासन निर्णयाची गरज नाही. एमआयडीसीतल्या कंत्राटी पोरांची घरं त्यात असावीत. आणि सगळ्यात वर नावं यावीत मक्त्याने दुसऱ्याचं वावर करणाऱ्यांची, कारण सातबाऱ्यावर, बँकेच्या खात्यावर, विम्याच्या आणि मदतीच्या कुठल्याही कागदावर ती सापडत नाहीत.